पुनर्विकासापूर्वी आईवडिलांचे घर रिकामे करताना या चुका टाळा

पुण्यामुंबईत आणि ठाण्यात ज्या सोसायट्या सध्या पुनर्विकासाला जात आहेत, त्यांतील अनेक इमारती चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या आहेत. त्या घरांत एका जोडप्याचा संपूर्ण संसार साठलेला असतो आणि माळ्यावर बहुधा त्याआधीच्या पिढीने गावाहून आणलेले सामानही असते. विकासकाशी करारनामा नोंदवला गेला, भाड्याची रक्कम ठरली आणि जागा रिकामी करण्याची नोटीस हातात पडली, की दोन पिढ्यांच्या वस्तूंचा निकाल काही आठवड्यांत लावावा लागतो. शिवाय भाड्याच्या घरात जायचे आणि काही वर्षांनी नव्या सदनिकेत परतायचे असल्यामुळे प्रत्येक वस्तू दोनदा हलवावी लागते, आणि नव्या घरात पूर्वीसारखा माळा असेलच असे नाही.

कपाट, पलंग, जुना फ्रिज यांचा निर्णय मोजपट्टी घेऊन करता येतो. अवघड जाते ते आईचे लुगडे, वडिलांची डायरी, आजीचे घंगाळ आणि कोणाचे हे आता कोणालाच न आठवणारे छायाचित्र. अशी वस्तू हातात घेतल्यावर मनात काय दाटून येते यावरून निर्णय करू नये, असे माझे मत आहे, कारण घर सोडण्याच्या दिवसांत प्रत्येकच वस्तूने मन भरून येते. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत: या वस्तूची हकिकत कोणाला ठाऊक आहे, आणि पुढची वीस वर्षे ती प्रत्यक्ष कोण सांभाळणार आहे? ज्या वस्तूला या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात ती ठेवावी. पुढे दिलेल्या चुकांपैकी बहुतेक चुका हे प्रश्न न विचारताच कामाला हात घातल्याने होतात.

ज्येष्ठांच्या अपरोक्ष आवराआवर करणे

सर्वांत गंभीर चूक ही आहे आणि ती बहुधा चांगल्या हेतूने केली जाते. आई धाकट्या बहिणीकडे गेली आहे किंवा वडील शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात आहेत, तोवर माळा उरकून टाकू म्हणजे त्यांना त्रास नको, असा विचार मुले करतात. त्यातून दोन नुकसाने होतात. पहिले विश्वासाचे, कारण परतल्यावर त्या व्यक्तीला आपल्याच घरात आपल्याला विचारले गेले नाही हे कळते आणि त्यानंतर ती एखादी फुटकी बरणीही हातातून सोडत नाही. दुसरे नुकसान माहितीचे असते आणि ते कधीच भरून निघत नाही. पितळेचा लहान डबा माहेरचा की सासरचा, लग्नाच्या फोटोत मागे उभे असलेले गृहस्थ कोण, निळ्या शाईतली पत्रे कोणाची, हे सांगू शकणारी व्यक्ती एकच असते, आणि तिच्या अनुपस्थितीत उघडलेल्या पेटीतील निम्म्या वस्तू त्या क्षणी मुक्या होऊन जातात.

म्हणून नोटिशीची वाट न पाहता, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय पहिल्यांदा निघाला की लगेच हे काम सुरू करावे. रोज दुपारच्या चहानंतर तासभर, एका वेळी एकच पेटी किंवा एकच खण, आणि शेजारी मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू, एवढी व्यवस्था पुरते. प्रश्न कसा विचारला जातो याला फार महत्त्व आहे. ‘आई, हे टाकू का?’ असे विचारले तर उत्तर जवळजवळ नेहमी ‘राहू दे’ असेच येते. ‘हे कोणी दिलं होतं गं?’ असे विचारले तर ती दहा मिनिटे बोलते, आणि बोलून झाल्यावर अनेकदा स्वतःच सांगते की हे आता अमक्या भाचीला देऊन टाक. तिला वस्तू अडवून धरायची नसते, तिच्याबरोबरची गोष्ट कोणीतरी ऐकावी एवढीच तिची इच्छा असते. ती ऐकली गेली की हात सैल होतो.

विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत अधिक जपावे लागते. तिच्या रोजच्या वापरातील पांघरूण, खुर्ची, घड्याळ, देवाची तसबीर आणि पाण्याचा तांब्या हे आवराआवरीतून पूर्णपणे वगळावे आणि भाड्याच्या घरात पहिल्याच दिवशी, शक्य तितक्या पूर्वीच्याच मांडणीत, तिच्या नजरेसमोर लावावे.

पत्रे आणि फोटो यांपासून सुरुवात करणे

पहिल्याच दिवशी अल्बम उघडला की संध्याकाळपर्यंत तोच हातात राहतो आणि काम जागचे हलत नाही. घर आवरण्याविषयी पुस्तके लिहिणाऱ्या जपानच्या मारी कोंडो यांनीही आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी घ्यायला सांगितले आहे आणि हा क्रम आपल्या घरांनाही लागू पडतो. आधी मुदत संपलेली औषधे, झाकणे हरवलेले प्लास्टिकचे डबे, बंद पडलेली विजेची उपकरणे, जादा गाद्या आणि पिशव्या काढाव्यात. त्यानंतर कपडे आणि भांडी घ्यावीत, मग कागदपत्रे आणि सर्वांत शेवटी पत्रे व छायाचित्रे. बिनमहत्त्वाच्या वस्तूंवर शेकडो लहान निर्णय घेऊन झाले की मनाला ठरवण्याची सवय लागते आणि घरात बसून निवड करण्याइतकी जागाही मोकळी होते.

मात्र ‘ही वस्तू हातात घेतल्यावर आनंद होतो का?’ ही त्यांची कसोटी दिवंगत माणसाच्या वस्तूंना लावू नये. वडिलांचा शेवटचा चष्मा पाहून कोणालाही आनंद होत नाही, आणि तरीही तो ठेवावासा वाटणे योग्य असू शकते. उलट त्यांच्या आजारपणाची जाडजूड फाइल अनेक घरांत केवळ अपराधी वाटते म्हणून जपली जाते. विम्याचा किंवा बिलांचा काही दावा प्रलंबित नसेल आणि कुटुंबातील डॉक्टरांना आनुवंशिक आजाराच्या नोंदीसाठी हवा असलेला सारांश काढून ठेवला असेल, तर ती फाइल सोडून द्यायला हरकत नाही.

पिवळे पडलेले कागद रद्दीत घालणे

रद्दीवाला दारात उभा असताना कागद चाळले जातात आणि घराचे खरे नुकसान तिथे होते. नवी पिढी विजेची जुनी बिले आणि आजोबांच्या शाळेचा दाखला यांना एकाच नजरेने जुना कागद समजते. महाराष्ट्रात जात पडताळणीच्या प्रकरणांत विशिष्ट तारखेपूर्वीचा पुरावा मागितला जातो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांपूर्वी शाळेत असलेल्या आजोबांचा, चुलत आजोबांचा किंवा आत्याआजीचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, जमिनीचे जुने फेरफार हे नातवंडांच्या प्रवेशाच्या वेळी शोधून सापडत नाहीत, आणि ते कित्येकदा याच माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पडून असतात. भावकीतील इतर घरांनाही त्यांचा उपयोग होतो, म्हणून त्यांच्या प्रती काढून संबंधितांना कळवावे.

मोडी लिपीतील कागद वाचता येत नाहीत म्हणून टाकून देणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. मोडीचा वापर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या व्यवहारात होता, त्यामुळे खते, कर्जरोखे, वाटणीपत्रे आणि घरगुती हिशेब त्या लिपीत असणे अगदी स्वाभाविक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतील असेच कागद मिळवत असत आणि १८९८ पासून प्रसिद्ध झालेले त्यांचे साधनांचे खंड त्यांतूनच उभे राहिले. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दप्तरांचाही मोठा भाग खासगी घराण्यांकडून आलेला आहे. आपल्या घरातील प्रत्येक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, ऐतिहासिक असतो असे नाही, परंतु मोडी जाणणाऱ्या व्यक्तीने एकदा नजर टाकेपर्यंत तो फेकू नये. गुंडाळी जबरदस्तीने उलगडू नये, चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये, कारण ते नंतर काढता येत नाही आणि उष्णतेने व चिकट द्रव्याने कागद कायमचा बिघडतो.

पैशांशी संबंधित कागदांचीही स्वतंत्र पेटी करावी. कागदी शेअर प्रमाणपत्रे १ एप्रिल २०१९ पासून थेट दुसऱ्याच्या नावे हस्तांतरित होत नाहीत, पण वारसांना रीतसर अर्ज करून ती आपल्या डीमॅट खात्यात आणता येतात. सलग सात वर्षे लाभांश उचलला नसेल तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातात, आणि तिथूनही ते परत मागता येतात. दहा वर्षे हात न लावलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, पण वारसाचा हक्क त्यामुळे संपत नाही. २०२३ साली सुरू झालेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर त्यांचा शोध घेता येतो. म्हणून कंपनी जुनी झाली, बँकेचे नाव बदलले किंवा पासबुक फाटले, एवढ्यावरून कागद निरुपयोगी ठरवू नयेत. सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, घराचे मूळ खरेदीखत आणि विकासकाबरोबरचा नोंदणीकृत करारनामा तर सामान वाहणाऱ्यांच्या खोक्यात कधीही घालू नये. ही तिन्ही कागदपत्रे स्वतःच्या पिशवीतून न्यावीत.

साड्यांच्या घड्या, धान्याचे डबे, देव्हाऱ्याचे खण आणि पुस्तकांची पाने झटकल्याशिवाय बाहेर देऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको. जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा सापडल्या तर त्या बदलून मिळत नाहीत, आणि २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवण्यास सामान्य माणसाला मनाई आहे. २००० रुपयांच्या नोटा मात्र चलनातून मागे घेतल्या असल्या तरी कायदेशीर चलन आहेत आणि त्या रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत स्वीकारल्या जातात.

मोबाइलने फोटो काढून मूळ छायाचित्र टाकून देणे

वस्तूचे छायाचित्र काढून ठेवणे हा चांगला उपाय आहे. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात वसतिगृहातील विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दान करण्यापूर्वी आठवणीच्या वस्तूचा फोटो काढून ठेवा असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्याकडून इतरांपेक्षा सुमारे १५ टक्के अधिक वस्तू दान झाल्या. मोडका पाळणा, शाळेतल्या ढाली किंवा फार मोठे लाकडी कपाट यांना हा उपाय चपखल बसतो. मूळ छायाचित्रांना मात्र तो लागू करू नये. तिरक्या उजेडात, चकाकी पडलेल्या काचेवरून मोबाइलने टिपलेली प्रत ही मूळ फोटोची जागा घेऊ शकत नाही.

नेहमीच्या आकाराचे फोटो किमान ३०० डीपीआय (दर इंचातील ठिपके) आणि पासपोर्टच्या आकाराचे ६०० डीपीआयवर स्कॅन करावेत. फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथेच असते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आलेल्या चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो ठेवले असतील तर ते आधी बाहेर काढावेत, कारण तो डिंक काळाबरोबर पिवळा पडतो आणि फोटोला धरून बसतो. फोटो ओढून काढू नये. त्याच्या खालून बारीक पक्का दोरा हलकेच सरकवत न्यावा, आणि तरीही निघत नसेल तर पानासह स्कॅन करून तसाच ठेवावा. निगेटिव्ह फेकू नयेत, कारण चांगल्या निगेटिव्हवरून मिळणारी प्रत जुन्या छापील फोटोपेक्षा पुष्कळदा सरस असते. डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्म खराब होऊ लागली आहे असे समजावे, ती बाकीच्या फिल्मपासून लगेच वेगळी करावी आणि तिचे स्कॅनिंग आधी करून घ्यावे. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट्सनाही कोकणपट्टीच्या दमट हवेत बुरशी धरते. अशी कॅसेट ‘एकदा लावून पाहू’ म्हणून यंत्रात घातली तर फीत आणि यंत्र दोन्ही बिघडतात.

एवढे सगळे करूनही नावे न लिहिलेला संग्रह पुढच्या पिढीला अनोळखी माणसांचाच वाटतो. प्रत्येक फोटोमागे मऊ शिसपेन्सिलने, कडेला, दाब न देता नावे, गाव आणि अंदाजे साल लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. ‘काका’, ‘माई’, ‘दादा’ अशी हाक मारण्याची नावे न लिहिता पूर्ण नाव आणि नाते लिहावे, कारण प्रत्येक पिढीचा दादा वेगळा असतो. एकाच प्रसंगाचे सारखे दिसणारे, हललेले आणि निव्वळ देखाव्यांचे फोटो मात्र निःसंकोच कमी करावेत. संगणकावरील संग्रहाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात, कारण एकाच हार्ड डिस्कवर ठेवलेला संग्रह एका बिघाडात जातो.

पितळ-तांब्याची भांडी सरसकट मोडीत घालणे, किंवा सरसकट ठेवणे

घंगाळ, बंब, हंडे, पराती, तपेल्या यांचे वजन प्रचंड आणि वापर शून्य, त्यामुळे ती एका फटक्यात मोडीत जातात. त्यापूर्वी प्रत्येक भांडे उजेडात धरून त्यावर घातलेले नाव वाचावे. देणाऱ्याचे नाव, लग्नाची तारीख, गाव आणि कधी कधी एखाद्या विद्यार्थ्याला मिळालेल्या बक्षिसाचा उल्लेख त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेला असतो. ज्या घरात वंशावळ कोणी लिहून ठेवलेली नाही, त्या घरात आजीच्या माहेरचे नाव अशा तांब्यावरच सापडते. म्हणून आधी सर्व नावांची यादी करावी आणि फोटो काढावेत. मग माहेरचे एक, सासरचे एक आणि रोजच्या वापरात येऊ शकेल असे एक, एवढी भांडी निवडावीत. पितळी पातेल्याला कल्हई करून त्यात पुन्हा स्वयंपाक होतो, तांब्याच्या कळशीत पाणी भरता येते. वापरात राहिलेले भांडे पुढच्या पिढीत टिकण्याची शक्यता बैठकीत शोभेसाठी ठेवलेल्या भांड्यापेक्षा कितीतरी जास्त असते. उरलेली भांडी मोडीत देताना मनाला लावून घेऊ नये, कारण धातू वितळून पुन्हा वापरात येतो आणि पूर्वीही घरोघरी जुनी भांडी मोडूनच नवी घेतली जात होती.

साध्या घरगुती वस्तूंना मोल नसते असेही समजू नये. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, दौती, लाकडी दरवाजे आणि स्वयंपाकघरातील साधने अशा वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. दिनकर केळकर यांनी त्या आयुष्यभर हिंडून जमवल्या, आपल्या लहानपणीच वारलेल्या मुलाच्या नावाने संग्रह उभा केला आणि १९७५ साली तो राज्य सरकारच्या हाती सोपवला. मात्र संग्रहालय प्रत्येकाकडचे प्रत्येक घंगाळ स्वीकारू शकत नाही. वस्तू कोणत्या गावची, कोणी व कशासाठी वापरली, हे लिहून आणि फोटो पाठवून आधी विचारावे.

साड्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवणे

‘आईच्या साड्या नंतर बघू’ म्हणून त्या प्लास्टिकमध्ये घालून खोक्यात ठेवल्या जातात आणि भाड्याच्या घरात काही वर्षे तशाच राहतात. रेशमाला हवा लागत नाही, ओल अडकते, जर काळी पडते आणि घडीवर कापड चिरते. ठेवायच्या असतील तर पैठणी आणि इतर रेशमी साड्या धुवट मलमलीच्या किंवा जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यात गुंडाळाव्यात, दर काही महिन्यांनी घडी बदलावी आणि डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नयेत. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवावी. सुती साड्यांची खळ काढून टाकावी, कारण खळीला कसर लवकर लागते.

किती ठेवायच्या, याचे उत्तर नेसणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून आहे. ज्या साड्या लेकी-सुना-नाती खरोखर नेसतील त्या त्यांना आत्ताच, आई हयात असेल तर तिच्या हातून, द्याव्यात. मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घ्यावी. गोधडी रोज अंगावर येते आणि सांभाळण्याचा वेगळा भार होत नाही. नायलॉन किंवा जॉर्जेटच्या साड्या गोधडीला चालत नाहीत, कारण त्या सरकतात आणि शिवण धरत नाहीत. खऱ्या जरीची फाटकी साडी बोहारणीला भांड्याच्या बदल्यात देण्यापूर्वी जर कसली आहे हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. जुन्या जरीत चांदी असते आणि ती घेणारे बहुतेक लोक साडी जाळून चांदी काढतात. तुम्हाला ते नको असेल तर काठ-पदर उतरवून नव्या कापडाला लावून घ्यावेत.

दिवंगत व्यक्तीचे कपडे दिवसकार्य आटोपताच देऊन टाकण्याची अनेक घरांत रीत आहे. ती पाळणे चूक नाही, पण जोडीदाराला विचारल्याशिवाय पाळणे चूक आहे. एखादा सदरा किंवा शाल बाजूला काढून ठेवण्याची मुभा त्यांना असली पाहिजे.

देवघराचा निर्णय शेवटच्या रात्रीवर टाकणे

कुलदैवताचे टाक पुढे कोणाकडे राहतील, कुळाचार कोण करणार, हे भावंडांनी आधीच बसून ठरवावे. झिजलेले टाक सोनाराकडे देऊन नवे करून घेण्याची पद्धत जुनीच आहे, त्यामुळे झिजले म्हणून ते अडगळीत पडू देऊ नयेत. भेट म्हणून आलेल्या मूर्ती आणि तसबिरींचा प्रश्न निराळा आहे. त्या पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवणे हा निर्णय नव्हे, आपला भार दुसऱ्यावर टाकणे आहे. तसबिरीची काच, चौकट आणि कागद वेगळे करावेत, मातीची मूर्ती घरीच बादलीत विरघळवून ते पाणी झाडांना घालावे आणि धातूच्या सुस्थितीतील मूर्ती ज्याला पूजा करायची आहे त्याला विचारून द्याव्यात.

परदेशातील मुलांचे सामान बेमुदत सांभाळणे

ऑस्टिनला किंवा मेलबर्नला स्थायिक झालेल्या मुलांच्या वह्या, चषक आणि कॅरम आईवडिलांच्या माळ्यावर असतात आणि ‘माझं ठेव, मी आले की बघते’ हे वाक्य दर भेटीत ऐकू येते. व्हिडिओ कॉलवर एकेक खोके उघडून दाखवावे, तिथेच निर्णय घ्यावा आणि ज्यावर निर्णय होत नाही त्यासाठी तारीख ठरवावी. आईवडिलांच्या दोन स्थलांतरांचा भार मुलांच्या वह्यांनी वाढवू नये.

नेण्याच्या वस्तूंबाबत एक कायदा माहीत असणे आवश्यक आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे किंवा अधिक जुन्या मूर्ती, चित्रे, नाणी, धातुकाम अशा वस्तू आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेली पंचाहत्तर वर्षांपूर्वीची हस्तलिखिते पुरावस्तू ठरू शकतात, आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पणजीच्या देव्हाऱ्यातील मूर्ती सामानात घालण्यापूर्वी शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, नाहीतर विमानतळावर ती हातातून जाऊ शकते.

‘जो आधी येईल तो घेईल’ अशी वाटणी

जे भावंड त्याच शहरात राहते आणि आवराआवरीचे सगळे श्रम करते, त्याच्याच हाती वस्तू राहतात, आणि मग दहा वर्षांनी एका नथीवरून बोलणे बंद होते. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मुलगी मुलाइतकीच पहिल्या वर्गातील वारस आहे, हे तर आहेच. पण इथे कायद्याआधी रीत महत्त्वाची आहे. हव्याशा वस्तूंची फोटोंसह यादी सर्वांना पाठवावी, प्रत्येकाने आपल्याला सर्वाधिक हव्या असलेल्या पाच वस्तू लिहून कळवाव्यात आणि एकाच वस्तूवर दोघांची नावे आली तर चिठ्ठ्या टाकाव्यात. सोन्याची वाटणी वजनाने स्वतंत्र करावी, ती आठवणीच्या वस्तूंत मिसळू नये. ज्याने श्रम केले आहेत त्याला पहिली निवड द्यावी, असे मला न्याय्य वाटते. सुनेने वीस-तीस वर्षे वापरलेली स्वयंपाकघरातील वस्तू या यादीत धरूच नये. ती तिची आहे.

काम अडले तर

काहीच सोडवत नसेल तर किमतीचा विचार मनातून काढून पाहावा. १९९० साली डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हातात कॉफीचा मग असलेल्यांनी त्यासाठी मागितलेली किंमत ही तसा मग नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली होती. आपल्याजवळ आहे एवढ्यानेच वस्तू मोलाची वाटते. त्यामुळे ‘विकली तर किती येतील?’ याऐवजी ‘ही आज दुकानात दिसली असती तर मी घरी आणली असती का?’ असे विचारावे. हा प्रश्न जादा वस्तूंसाठी आहे. आईच्या पत्रांना तो लावू नये.

दोघांचे एकमत होत नसेल तर एक खोके ‘अनिर्णित’ म्हणून बांधावे, त्यावर आतील वस्तूंची यादी आणि एक वर्षानंतरची तारीख लिहावी. असे खोके माणशी एकच असावे, नाहीतर सगळे घरच अनिर्णित होते. एखादी वस्तू टाकल्यावर हळहळ वाटू लागली, तर त्या भरात पुढची सर्व आवराआवर थांबवू नये. त्या वस्तूविषयी जे आठवते ते त्याच दिवशी लिहून काढावे.

देणगी म्हणून वाटेल ते पाठवू नये. वृद्धाश्रमाला फाटके कपडे किंवा वाचनालयाला वाळवी लागलेली पुस्तके दिली की त्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च त्यांना पडतो. आधी फोन करून काय हवे आहे ते विचारावे आणि तेवढेच द्यावे.

आणि हाती आठवडाच उरला असेल, तर आठवणींच्या वस्तूंवर घाईने कोणताही निर्णय घेऊ नये. कागद, फोटो, पत्रे आणि नाव घातलेली भांडी यांची खोकी तशीच बांधून, बाहेर आतील वस्तूंची यादी चिकटवून भाड्याच्या घरी न्यावीत. फर्निचर, जादा अंथरुणे आणि काचसामान यांवर जितके कठोर होता येईल तितके व्हावे, कारण जागा तीच खातात. भाड्याच्या घरात बस्तान बसले की दर रविवारी एक खोके आईसमोर उघडावे आणि यादीत तिने सांगितलेली माहिती भरत जावी.